एकत्वाचे निषेध्य : इस्लाम व ख्रिस्ती धर्म यांतील ईश्वरविषयक ‘एक’ या पदाचा विचार

१

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारे विवेचन मराठीत बहुधा दोन साच्यांत आढळते. पहिला साचा समन्वयाचा. दोन्ही धर्म एकेश्वरवादी आहेत, भेद आहे तो प्रेषितांविषयीचा व आचारांविषयीचा, असे त्यात सांगितले जाते. दुसरा साचा निवाड्याचा. इस्लाम शुद्ध एकेश्वरवादी आहे. ख्रिस्ती धर्म पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तिघे मानतो, म्हणून त्याचे एकेश्वरत्व नाममात्र होय, असे त्यात ठरविले जाते. हे दोन साचे परस्परविरोधी दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ‘ईश्वर एक आहे’ या वाक्यातील ‘एक’ हे पद दोन्ही धर्मांत एकाच अर्थाने वापरले जाते, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात या गृहीताची परीक्षा करावयाची आहे.

परीक्षेसाठी आपल्याच परंपरेतील एक उपकरण उपयोगी पडते. नैयायिकांच्या मते कोणत्याही अभावाला प्रतियोगी असतो. ‘भूतलावर घट नाही’ असे म्हटले की घट हा त्या अभावाचा प्रतियोगी होय. तो कळल्याखेरीज कशाचा निषेध झाला हे कळत नाही. ईश्वराविषयी ‘एक’ म्हणणे हे रूपाने विधान असले तरी कार्याने निषेधच आहे. तेव्हा विचारावयाचे ते असे : या ‘एक’ने नेमके काय नाकारले आहे? दोन्ही धर्म ‘एक’ म्हणतात, हे निर्विवाद आहे. दोघांचे निषेध्य मात्र एक नाही, आणि त्या दोघांतील खरा वाद या निषेध्याविषयीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

प्रारंभी एका साम्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. इस्लामच्या ईश्वरविचाराला ज्या शब्दाने ओळखले जाते तो ‘तौहीद’ हा शब्द कुराणात आलेला नाही. ख्रिस्ती ईश्वरविचाराची ओळख असलेला ‘त्रैक्य’ या अर्थाचा शब्दही बायबलमध्ये नाही. ग्रीक ‘त्रिआस’ हा शब्द अंत्युखियाचा थिओफिलस याच्या लेखनात इ. स. १८०च्या सुमारास आढळतो. लॅटिन ‘त्रिनितास’ रूढ केला तो तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुलियनने. सारांश, दोन्ही शब्द शास्त्रकारांनी घडविलेले आहेत. धर्मग्रंथात जे विखुरलेले होते ते एका पदात बांधण्याचा तो प्रयत्न होता. म्हणून ‘एकाचा सिद्धांत ग्रंथातला, दुसऱ्याचा मागाहूनचा’ हा युक्तिवाद शब्दाच्या पातळीवर टिकत नाही.

आता ‘तौहीद’चे रूप पाहू. हे ‘वह्हद’ या क्रियापदाचे धातुसाधित नाम आहे. अरबीत मधले व्यंजन द्वित्त करून जो क्रियापदवर्ग सिद्ध होतो, त्याचा एक अर्थ ‘तसे ठरविणे, तसे जाहीर करणे’ असा असतो. ‘तक्झीब’ म्हणजे खोटे करणे नव्हे, खोटे म्हणणे. त्याच न्यायाने ‘तौहीद’ म्हणजे एक करणे नव्हे, एक मानणे व एक म्हणून घोषित करणे. मराठीत आपण त्याचे भाषांतर ‘एकेश्वरवाद’ असे करतो, तेव्हा एका क्रियेचे मत होऊन बसते. तौहीद ही मूलतः मानवाने करावयाची कृती आहे. तिचा कर्ता उपासक होय.

या कृतीचा विरोधी शब्द ‘शिर्क’. हिंदी-उर्दूमुळे आपल्याला परिचित असलेला ‘शरीक’ हा शब्द त्याच धातूचा. शिर्क म्हणजे भागीदारी, ईश्वराच्या अधिकारात दुसऱ्या कोणाला वाटेकरी करणे. म्हणजे तौहीदचा प्रतियोगी ‘दोन’ ही संख्या नसून ‘वाटेकरी’ हा आहे. अबू हनीफा यांच्या नावावर असलेल्या ‘अल्-फिक्ह अल्-अकबर’ या श्रद्धासूत्रांच्या संग्रहातही हाच खुलासा केलेला आहे. ईश्वर एक आहे तो संख्येच्या वाटेने नव्हे, तर त्याला कोणी भागीदार नाही या अर्थाने, असे तेथील प्रतिपादन आहे.

कुराणाच्या ११२व्या सूरेतील शब्दयोजना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. चार आयतींच्या या सूरेत ईश्वरासाठी संख्यावाचक ‘वाहिद’ न योजता ‘अहद’ हे पद योजले आहे. ‘वाहिद’ हे पद कुराणात ईश्वराला अन्यत्र लावलेले आहे; तेव्हा येथील निवड अर्थपूर्ण मानावयास हवी. ‘अहद’ हा शब्द सामान्य अरबीत मुख्यतः निषेधवाक्यात ‘कोणीही’ या अर्थाने येतो. सूरेच्या पहिल्या आयतीत तो ईश्वराविषयी विधानरूपाने येतो आणि चौथीत, त्याच्या तोडीचा कोणी नाही असे सांगताना, आपल्या नेहमीच्या निषेधरूपात परततो. या दोहोंच्या मध्ये, त्याने कोणाला जन्म दिला नाही व तो कोणापासून जन्मला नाही, हा निषेध आहे. अशा रीतीने वाटेकरी, जन्यजनकसंबंध आणि तुल्यता ही तीन निषेध्ये एका लहानशा सूरेत एकत्र आली आहेत.

३

ख्रिस्ती विचाराचा आरंभही एकत्वाच्या घोषणेनेच होतो, हे पुष्कळदा विसरले जाते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील इस्राएलाची श्रद्धाघोषणा ईश्वराला ‘एहाद’ म्हणते. हा हिब्रू शब्द अरबी ‘अहद’चा सगोत्र आहे. मार्कच्या शुभवर्तमानात पहिली आज्ञा कोणती असे विचारले असता येशू हीच घोषणा उद्धृत करतो. म्हणजे ज्या वाक्याने यहुदी आपली श्रद्धा सांगत, तेच वाक्य ख्रिस्ती ग्रंथाने आपले म्हणून ठेवले आहे.

अडचण निर्माण झाली ती दुसऱ्या एका आचारामुळे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यावयास सांगितले आहे. आणि तेथील ग्रीक ‘नाव’ हे पद एकवचनी आहे. तिघांचा उल्लेख आणि नाव एक, या व्याकरणाचा उलगडा करण्यात पुढची तीन शतके गेली. ३२५ साली निकिया येथील परिषदेने पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्तत्त्वाचा आहे, असे ठरविले. परंतु त्या परिषदेच्या निषेधवाक्यात ‘ऊसिआ’ आणि ‘हिपोस्तासिस’ हे दोन शब्द समानार्थी म्हणूनच आले होते. पुढे कॅपाडोशियाच्या आचार्यांनी त्यांची फारकत केली : ऊसिआ एक, हिपोस्तासिस तीन. लॅटिन भाषेत मात्र ‘हिपोस्तासिस’चे शब्दशः रूपांतर ‘सुब्स्तान्तिया’ असे होते, आणि लॅटिन पंडित ‘सुब्स्तान्तिया एक’ असे म्हणत होते. ग्रीकांना वाटे, लॅटिन लोक तिघांचा भेदच पुसून टाकतात. लॅटिनांना वाटे, ग्रीक लोक तीन सत्तत्त्वे मानतात. ३६२ साली अलेक्झांड्रिया येथे अथनेशियसच्या पुढाकाराने भरलेल्या सभेने, शब्द भिन्न असले तरी अभिप्राय एक असू शकतो, हे मान्य केले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग अवश्य अभ्यासावा.

लॅटिनांनी तिघांसाठी ‘पेर्सोना’ हा शब्द घेतला. ऑगस्टीनने या शब्दाबद्दल स्पष्ट कबुली दिली आहे. ‘तीन कोण?’ असे विचारल्यावर गप्प राहावे लागू नये म्हणून आपण हा शब्द उच्चारतो, वस्तुस्थिती त्याने पुरती सांगितली जाते म्हणून नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. बासिलने तर ईश्वराच्या बाबतीत एक, दोन, तीन अशी बेरीज करीत जाण्यालाच आक्षेप घेतला. म्हणजे ‘एक’ ही मोजणीतली संख्या नव्हे, हे दोन्ही धर्मांतील शास्त्रकारांना मान्य आहे. ‘एक का तीन’ असा अंकगणिती प्रश्न विचारणारा टीकाकार दोघांच्याही दाराबाहेर उभा राहतो.

ख्रिस्ती ‘एक’चे निषेध्य काय, हे आता सांगता येईल. त्याने दुसरा देव नाकारला आहे आणि ईश्वरतत्त्वाचे विभाजन नाकारले आहे. त्या एका तत्त्वाच्या ठायी असणारा संबंध मात्र त्याने नाकारलेला नाही.

४

हे दोन ‘एक’ एकाच भाषेत समोरासमोर आले ते बगदादमध्ये, अब्बासी खलिफांच्या काळी. अरबी ही मुसलमानांप्रमाणेच तेथील ख्रिस्ती पंडितांचीही शास्त्रभाषा झाली होती. त्यांनी ‘ऊसिआ’साठी ‘जौहर’ आणि ‘हिपोस्तासिस’साठी सिरियाक ‘क्नोमा’वरून आलेला ‘उक्नूम’ हा शब्द योजला. पैकी ‘जौहर’ मराठीला अपरिचित नाही. आपला ‘जवाहीर’ हा त्याच शब्दाच्या अनेकवचनापासून आलेला आहे. परंतु मुसलमान कलामशास्त्र्यांच्या परिभाषेत ‘जौहर’ म्हणजे जागा व्यापणारे व गुणांना आश्रय देणारे द्रव्य. ‘ईश्वर एक जौहर व तीन उक्नूम’ हे वाक्य ख्रिस्ती कानांना निकियाचे भाषांतर वाटे. मुसलमान श्रोत्याला मात्र ते वाक्य पहिल्या पदालाच सदोष वाटे. ईश्वराला जागा व्यापणारे द्रव्य कसे म्हणावे? हा भाषांतराचा दोष होता, आणि तो दोन्ही बाजूंच्या विचारवंतांच्या ध्यानात आला होता.

म्हणून नवव्या शतकातील अम्मार अल्-बसरी यांच्यासारख्या ख्रिस्ती लेखकांनी दुसरी वाट धरली. ईश्वर जिवंत आहे आणि तो बोलतो, हे तुम्हांस मान्य आहे. मग त्याचे जीवन व त्याचा शब्द यांना आम्ही आत्मा व पुत्र म्हणतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. या वाटेला इस्लाममधील एका अंतर्गत वादाची पार्श्वभूमी होती. ईश्वराचे ज्ञान, सामर्थ्य, वाणी इत्यादी गुण अनादी असतील तर अनादी वस्तू अनेक झाल्या, असे मुअतजिला पंथाचे म्हणणे होते. हा पंथ स्वतःला न्याय व तौहीद यांचा पक्ष म्हणवीत असे. ८३३ साली खलीफा अल्-मामून याने बगदादला पाठविलेल्या पत्रात, कुराण निर्मित नाही असे म्हणणारे लोक येशू हा ईश्वराचा शब्द असल्यामुळे निर्मित नव्हे असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती लोकांसारखेच आहेत, असा आरोप केलेला आहे. आरोपाचे लक्ष्य येथे मुसलमानच आहेत. पुढे अल्-अशअरी यांच्या संप्रदायात जे सूत्र रूढ झाले ते असे की, ईश्वराचे गुण म्हणजे तो नव्हे आणि त्याहून इतरही नव्हेत.

या सूत्राची घडण निकियोत्तर ख्रिस्ती सूत्रांशी किती जुळते, हे सांगावयास नको. हॅरी वुल्फसन यांनी कलामशास्त्रावरील आपल्या १९७६ सालच्या ग्रंथात, गुणवादाचा उगमच त्रैक्यविषयक चर्चेत आहे असे प्रतिपादिले. उगमाचा प्रश्न वादग्रस्त आहे व येथे त्याचा निकाल लावण्याचे कारण नाही. एकत्व जपत असता अनेकत्व बोलावयाचे झाले की भाषेला दोन्हीकडे सारखाच पेच पडतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

या वादातील सर्वांत काटेकोर लेखन याह्या इब्न अदी (८९३–९७४) यांचे. हे सिरियाक ख्रिस्ती तर्कपंडित अल्-फाराबी यांचे शिष्य होते. त्यांनी आपल्या निबंधाला नाव दिले तेच मुळी ‘तौहीद’चे, आणि त्यात ‘एक’ हे पद किती अर्थांनी वापरले जाते याची वर्गवारी केली. एखादी वस्तू एका दृष्टीने एक व दुसऱ्या दृष्टीने अनेक असू शकते, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या आधी अल्-किंदी यांनी त्रैक्यावर तर्कशास्त्रीय आक्षेप घेतला होता : प्रत्येक उक्नूमात एक समान तत्त्व व एक भेदक धर्म असणार, म्हणजे प्रत्येक उक्नूम संमिश्र झाला, जे संमिश्र ते कार्य, आणि कार्य अनादी असू शकत नाही. हा आक्षेप आज आपल्याला उपलब्ध आहे तो याह्या यांनी ९६१ साली लिहिलेल्या उत्तरातच. प्रतिपक्षाचे म्हणणे खंडनासाठी उतरून घेताना त्यांनी ते जतनही केले.

५

गुणांची ही वाट मात्र शेवटपर्यंत पोचत नाही. अल्-बाकिल्लानी (मृत्यू १०१३) यांनी विचारलेला प्रश्न तिला अडवतो : जीवन व ज्ञान हे उक्नूम असतील तर सामर्थ्य का नव्हे? तीनच का, चार का नव्हेत? हा प्रश्न खोडसाळ नाही. गुणांची यादी तीनवर थांबण्याचे कोणतेही कारण गुणांच्या स्वरूपात सापडत नाही. ख्रिस्ती पक्षाचे खरे उत्तर गुणविचारात नाही, संबंधविचारात आहे. ईश्वराच्या ठायी भेद आहे तो फक्त परस्परसापेक्ष संबंधाचा, बाकी सर्व एकच, असे १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने सांगितले.

गुण आणि संबंध यांतील हा भेद व्याकरणाच्या साहाय्याने अधिक स्पष्ट होतो. ‘पेर्सोना’ हा लॅटिन शब्द व्याकरणातील ‘पुरुष’ या संज्ञेसाठीही वापरला जातो. तेर्तुलियनने तिघांचा भेद दाखविताना आधार घेतला तो याच गोष्टीचा : धर्मग्रंथात बोलणारा कोण, ज्याच्याशी बोलले जाते तो कोण, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो कोण. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू पित्याला ‘तू’ म्हणून संबोधितो आणि जग होण्यापूर्वी त्याच्याजवळ असलेल्या गौरवाचा उल्लेख करतो. ज्ञान, जीवन किंवा सामर्थ्य हे गुण ‘तू’ म्हणू शकत नाहीत, व त्यांना ‘तू’ म्हणताही येत नाही. ख्रिस्ती त्रैक्य मानणे म्हणजे एका ईश्वराच्या ठायी अनादी ‘मी–तू’ मानणे होय.

कुराणातही ईश्वर कधी ‘मी’, कधी ‘आम्ही’, कधी ‘तो’ असा येतो. या पुरुषबदलाला अरबी अलंकारशास्त्रात ‘इल्तिफात’ म्हणतात. परंतु हे सर्व पुरुष मानवाकडे किंवा अन्य सृष्टीकडे वळलेले आहेत. ‘आम्ही’ हे आदरार्थी बहुवचन होय. ईश्वर ईश्वराला ‘तू’ म्हणतो असा प्रसंग तेथे नाही, व असू शकत नाही. येशूच्या प्रार्थनेविषयी मुसलमान वाचक म्हणेल, की ती एका प्रेषिताने, म्हणजे सेवकाने, आपल्या स्वामीला केलेली प्रार्थना आहे. त्याच्या भूमिकेतून हे वाचन सुसंगत आहे. वाद आहे तो हाच : या ‘तू’मागे सेवक व स्वामी आहेत, की ईश्वरत्वातीलच दोन टोके आहेत?

आता ११२व्या सूरेतील जन्माच्या निषेधाकडे परत येऊ. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने असे घोषित केले की, ईश्वरी तत्त्व जन्म देत नाही व जन्म घेतही नाही. विधेय जवळजवळ सूरेतलेच आहे. उद्देश्य मात्र निराळे. सूरेत उद्देश्य ‘ईश्वर’ आहे. लॅटरनच्या वाक्यात ते ‘ईश्वरी तत्त्व’ आहे. कारण जन्म देणारा पिता व जन्मलेला पुत्र हे भेद त्या परिषदेलाही हवेच होते. विधेयाच्या साम्यावरून दोन्ही मते एक ठरविणे ही पहिल्या साच्याची चूक होय.

दुसऱ्या साच्याची चूक याच्या उलट आहे. कुराणात ईश्वराच्या अपत्याचा निषेध करताना ‘वलद’ हा शब्द प्रामुख्याने येतो, आणि सहाव्या सूरेत सहचरीवाचून त्याला अपत्य कोठून, असा प्रश्न आहे. अरबीतील ‘इब्न’ लाक्षणिक होऊ शकतो. वाटसरूला ‘वाटेचा पुत्र’ म्हणणारा प्रयोग कुराणातच आहे. ‘वलद’ मात्र जन्माशी घट्ट बांधलेला आहे. शारीरिक अपत्याचा हा निषेध ख्रिस्ती आचार्यांनाही मान्यच होता. पाचव्या सूरेत येशू व त्याची माता या दोघांना देव मानण्याचा निषेध आहे. मरियमेची गणना त्रैक्यात कोणत्याही प्रमुख ख्रिस्ती संप्रदायाने केलेली नाही. यावरून काही विद्वान असा निष्कर्ष काढतात, की कुराणाचा आक्षेप ख्रिस्ती सिद्धांताला लागूच पडत नाही, वाद केवळ गैरसमजाचा आहे. तोही घाईचा निष्कर्ष होय. ईश्वराने अपत्य ‘स्वीकारले’ हे म्हणणेही कुराणाने नाकारले आहे. म्हणजे देहसंबंध वगळला तरी निषेध उरतोच. तो ईश्वरत्वातील कोणत्याही ‘दुसऱ्या’चा निषेध आहे, आणि सुधारित भाषांतराने तो विरघळणार नाही.

६

हा केवळ पंडितांचा शब्दवाद नव्हे, हे अलीकडच्या घटनांवरूनही दिसते. अरब ख्रिस्ती लोक ईश्वराला शतकानुशतके ‘अल्लाह’ म्हणत आले आहेत. मलेशियात मात्र एका कॅथलिक साप्ताहिकाने हा शब्द वापरावा की नाही, हा प्रश्न न्यायालयात गेला. २००९ साली उच्च न्यायालयाने परवानगी दिली, २०१३ साली अपील न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१४ साली सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने पुढील अपिलास अनुमती नाकारली. उलट २००७ साली १३८ मुसलमान विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना लिहिलेल्या खुल्या पत्रात ईश्वराचे एकत्व हीच संवादाची भूमी मानली. एकाच शब्दावरून एके ठिकाणी दार बंद झाले व दुसऱ्या ठिकाणी उघडले. अशा वेळी त्या शब्दाचा नेमका अर्थ सांगणे ही अध्यापकाची जबाबदारी ठरते.

मराठीपुरते बोलावयाचे तर आपल्या पारिभाषिक शब्दांची छाननी करावयास हवी. तौहीदला ‘अद्वैत’ म्हणू नये. अद्वैतात जीव व ब्रह्म यांचे द्वैत नाकारलेले असते. तौहीदमध्ये उपासक व उपास्य यांचा भेद अबाधित राहतो. त्रैक्याला ‘त्रिमूर्ती’ची उपमा देऊ नये, कारण त्रैक्यात उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामांची वाटणी अभिप्रेत नाही. ‘पेर्सोना’साठी ‘व्यक्ती’ हा शब्द वापरताना, स्वतंत्र मन व स्वतंत्र इच्छा असलेला माणूस हा आजचा अर्थ मनात ठेवू नये. व्याकरणातील ‘पुरुष’ ही संज्ञा त्याला अधिक जवळची आहे, असे सुचवावेसे वाटते; तिचा दुसरा, लिंगवाचक अर्थ आड येईल, हे मान्य करूनही.

दोन धर्म ‘ईश्वर एक आहे’ असे म्हणतात, तेव्हा ते सारखेच बोलतात असे मानणे हा सौजन्याचा भाग असेल. परंतु ते अभ्यासाचे फळ नव्हे. इस्लामचा ‘एक’ ईश्वराजवळचा प्रत्येक वाटेकरी दूर सारतो आणि त्याच निषेधात मनुष्याला अन्य सर्व स्वामींपासून मुक्त करतो. ख्रिस्ती धर्माचा ‘एक’ दुसरा देव दूर सारतो, पण ईश्वराच्या ठायी ‘मी’ व ‘तू’ यांना जागा ठेवतो, आणि प्रेम हे ईश्वराचे सृष्टीपूर्व स्वरूप आहे असे म्हणण्याचा अधिकार त्यातून घेतो. या दोहोंपैकी कोणते स्वीकारावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी समोरच्याने काय नाकारले आहे एवढे तरी त्याच्याच शब्दांतून समजून घ्यावे, इतकीच अपेक्षा विद्यार्थ्याकडून करता येईल.